ओठांतलं फिलर विरघळवायचंय? आधी कागद, मग सुई

मी स्पीच थेरपिस्ट आहे. कमी ऐकू येणाऱ्या मुलांसमोर बसून दिवसभर 'आ', 'ई', 'ऊ' करून दाखवणं हे माझं काम. ओठ हे माझं अवजारच म्हणा ना. अशा बाईने ओठांत फिलर, म्हणजे ओठ भरीव दिसावेत म्हणून सुईने आत भरतात तो पदार्थ, का भरून घेतलं, हे मला सगळ्यांनी विचारून झालंय. उत्तर एवढंच, की बेचाळिसाव्या वर्षी वरचा ओठ पातळ होत चाललेला आरशात दिसला आणि राहवलं नाही. सुरुवातीला छान वाटलं. मग "उतरलं" असं वाटून पुन्हा भरलं, मग पुन्हा. दीड वर्षात तीनदा, एकूण दोन मिली. आणि एके दिवशी सात वर्षांचा एक मुलगा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत म्हणाला, "ताई, तुमचा ऊ आता ओ दिसतो."

त्या रात्री आरशासमोर 'ऊ' म्हणून पाहिला. वरच्या ओठाच्या कडेच्याही वर, मिशीच्या जागी, उशीसारखी एक पट्टी तयार झाली होती आणि ओठांचा चंबू करताना ती मध्ये येत होती. फिलर उतरलं नव्हतं, सरकलं होतं. मी मात्र कमी झालं समजून त्यात भर घालत गेले होते. शिवाय डोळ्यांखाली भरलेलं दर सकाळी फुगलेलं दिसायचं. दोन्ही ठिकाणचं विरघळवून घेतलं. डोळ्यांखालचं घाईत आणि वाईट रीतीने, ओठांतलं सावकाश आणि नीट. पहिल्या वेळच्या चुका दुसऱ्या वेळी टाळल्या, त्यामुळे सांगण्यासारखं बरंच आहे.

पण त्याआधी एक गोष्ट. फिलर भरल्यावर लगेच किंवा पुढच्या काही तासांत त्वचा पांढरीफटक पडली, जांभळट जाळी उमटली, दुखणं वाढतच गेलं, किंवा बोटाने दाबून सोडल्यावर रंग परतायला वेळ लागला, तर पुढचं वाचत बसू नका. फिलर रक्तवाहिनीत गेलं असेल किंवा बाहेरून तिला दाबत असेल. ज्यांनी भरलं त्यांना त्या क्षणी फोन करा आणि निघा. नजर धूसर झाली किंवा एका डोळ्यापुढे अंधारी आली तर थेट मोठ्या रुग्णालयात; तिथे मिनिटं मोजायची असतात. अशा वेळी हेच विरघळवणारं औषध मोठ्या मात्रेत, गरजेप्रमाणे तासातासाने पुन्हा देतात आणि ॲलर्जीची चाचणी करण्यात वेळ घालवत नाहीत. खाली जे लिहिलंय ते घाई नसलेल्यांसाठी आहे: ज्यांना नुसतं नको झालंय, सरकलंय, गाठ राहिलीय किंवा चेहरा आपला वाटत नाही.

आत नेमकं काय भरलंय?

विरघळवण्याचं निम्मं काम सुई हातात घेण्याआधीच संपतं, आणि ते कागदाचं काम आहे. कारण सगळी फिलर विरघळत नाहीत.

विरघळतात ती हायल्युरॉनिक आम्लाची. रेस्टिलेन, जुवेडर्म, बेलोटेरो, टिओसियल ही नावं त्या घराण्यातली. हे आम्ल आपल्या शरीरात मुळातच असतं, त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते पहिल्यांदा वेगळं केलं ते गाईच्या डोळ्यातल्या काचेसारख्या द्रवातून. शरीरातलं आम्ल फार टिकत नाही, सतत मोडतं आणि सतत नवं बनतं. म्हणून फिलर बनवताना त्याचे धागे एकमेकांना रासायनिक गाठींनी बांधून जाळी करतात. ती जाळी पाणी धरून ठेवते आणि महिनोन्महिने टिकते. हायल्युरॉनिडेज नावाचं विकर (एन्झाइम) या जाळीचे धागे कापतं; विरघळवणारं औषध म्हणजे हेच. गाठी तशाच राहतात, पण मधले धागे तुटले की जाळी कसली? उरलेले तुकडे शरीर आपलं आपण वाहून नेतं.

रेडिएस कॅल्शियमच्या सूक्ष्म गोळ्यांचं असतं. स्कल्प्ट्रा शरीराला स्वतःचं कोलॅजेन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, बनवायला लावतं. बेलाफिलमध्ये न विरघळणारे प्लास्टिकचे मणी असतात. सिलिकॉन असतं, शरीरातून काढून भरलेली चरबी असते. यांच्यावर हायल्युरॉनिडेज चालत नाही. तिथे वाट बघणं, स्टिरॉइडचं इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया असे वेगळेच रस्ते आहेत, आणि काही वेळा चांगला रस्ता नसतोच. म्हणून नाव कळल्याशिवाय कुणी "देऊन बघू" म्हणालं, तर उठून या.

मी जिथे भरलं होतं तिथे फोन करून नाव विचारलं. उत्तर आलं, "चांगल्या कंपनीचं आहे." फिलरच्या प्रत्येक सिरिंजसोबत बॅच नंबर असलेलं निघणारं स्टिकर येतं, ते पेशंटच्या फाइलमध्ये चिकटवायचं असतं. तीन खेपा घातल्यावर माझ्या फाइलमध्ये दोन स्टिकर सापडले. तिसऱ्याची जागा रिकामी. तुमच्या बाबतीतही असं होऊ शकतं, म्हणून तोंडी उत्तरावर विसंबू नका. फाइलची प्रत मागा: नाव, बॅच, किती मिली, कुठे, कोणत्या तारखेला. भरताना कुणी पाकीट दाखवलं होतं का, मोबाइलमध्ये त्याचा फोटो आहे का, तेही शोधा.

काहीच सापडलं नाही तर सोनोग्राफी. जास्त फ्रीक्वेन्सीचा लहान प्रोब चेहऱ्यावर फिरवून फिलर कुठे आहे, किती खोल आहे आणि साधारण कोणत्या जातीचं आहे हे जाणकार डॉक्टरला दिसतं. माझ्या ओठांचं असंच पाहिलं. पडद्यावर काळे खळगे दिसत होते, आणि त्यातले मोठे दोन ओठात नव्हतेच. ओठाच्या वर, मिशीच्या जागच्या त्वचेखाली. ते पाहून मला एकदम हायसं वाटलं. तोवर मी स्वतःच्याच हसण्याला दोष देत होते.

विरघळवावं की थांबावं?

भरून दोन आठवडे झाले नसतील तर बहुतेक वेळा थांबा. सुरुवातीची सूज एका बाजूला जास्त असते, बोटाला लागणारा खडा बऱ्याचदा आपोआप मऊ होतो, आणि आरशात दिसणारा वाकडेपणा फिलरचा आहे की सुजेचा हे त्या दिवसांत सांगता येत नाही. अपवाद वर सांगितलाच.

गाठ लाल, गरम, दुखरी असेल, किंवा महिन्यांनंतर अचानक उठली असेल, तर ती नुसती "नको असलेलं फिलर" नसते. तिथे जंतुसंसर्ग असू शकतो, आणि हे विकर पेशींमधला अडसरच मोकळा करत असल्याने संसर्ग पसरवू शकतं. खरं तर संशोधकांनी सुरुवातीला याला 'पसरवणारा घटक' असंच नाव दिलं होतं. अशा गाठीचा क्रम, आधी प्रतिजैविक की दोन्ही सोबत, डॉक्टरने ठरवायचा.

डोळ्यांखाली निळसर झाक दिसत असेल तर फिलर फार वर बसलंय आणि त्यातून प्रकाश विखुरतोय. ते चोळून जात नाही, कन्सीलरने धड झाकलंही जात नाही. विरघळवण्याचा सगळ्यात सरळ निकाल मला वाटतं याच तक्रारीत मिळतो.

आणि "सहा-नऊ महिन्यांत जाईलच की" हे वाक्य मी स्वतः तीन वेळा ऐकलंय. प्रत्येकाच्या बाबतीत खरं नसतं. जिथे हालचाल कमी, तिथे फिलर वर्षानुवर्षं राहिल्याचं एमआरआयमध्ये दिसलेलं आहे.

डॉक्टरकडे काय सांगायचं, काय विचारायचं

माझ्या पहिल्या खेपेला, म्हणजे डोळ्यांखालच्या वेळी, मला एकही प्रश्न विचारला गेला नाही. खुर्चीत बसले, दहा मिनिटांत दोन्ही बाजूंना टोचून बाहेर. काही झालं नाही हे माझं नशीब. दुसऱ्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी अंग सुजलंय?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. माश्यांच्या विषात याच जातीचं विकर असतं. ज्यांना त्या दंशाची तीव्र ॲलर्जी आहे त्यांना हे इंजेक्शन महागात पडू शकतं. तुम्हाला कुणी विचारलं नाही तर स्वतःहून सांगा.

तसंच सांगा: गरोदर आहात किंवा बाळाला पाजताय का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, ॲस्पिरिन, स्टिरॉइड, ॲलर्जीच्या गोळ्या घेताय का, कारण या शेवटच्या तिन्हींच्या मोठ्या मात्रेपुढे विकराचा जोर कमी पडू शकतो. मनाने कुठलीही गोळी बंद करू नका, यादी करून न्या. जवळपास नुकतंच बोटॉक्स (स्नायू सैल करणारं सुरकुत्यांचं इंजेक्शन) घेतलं असेल तर तेही सांगा, ते पसरून भलत्या स्नायूत जाऊ नये म्हणून.

हे औषध मेंढ्या-बैलांच्या वृषणांपासून काढतात, किंवा मानवी प्रकाराचं विकर प्रयोगशाळेत पेशींमध्ये तयार करतात. कोणतं वापरणार ते विचारा. डोळ्यांचे सर्जन भुलीचं औषध नीट पसरावं म्हणून ते कितीतरी वर्षांपासून वापरत आलेत, त्यामुळे औषध नवखं नाही. पण अमेरिकेत त्याला परवानगी आहे ती इंजेक्शनचं औषध आणि द्रव शरीरात लवकर शोषले जावेत म्हणून. फिलर विरघळवणं परवान्याबाहेरचा, डॉक्टरच्या जबाबदारीवरचा वापर आहे. जगभर चालतो, तरी संमतीपत्रात तो तसाच लिहिलेला असावा.

मग हे विचारा: ॲलर्जीची चाचणी करणार का? तीव्र ॲलर्जी आली तर ॲड्रेनॅलिन हाताशी आहे का? एकदम सगळं काढणार की थोडं थोडं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे तयार असतं त्यांच्याकडे मी बसते.

मात्रेबद्दल. एका मिलीत वीस मिलिग्रॅम आम्ल असलेल्या फिलरच्या दर ०.१ मिलीला पाच युनिट, असा एक ढोबळ हिशेब सांगितला जातो. तो तुम्हाला कळावा इतकाच, डॉक्टरशी बोलताना गोंधळायला होऊ नये म्हणून. प्रत्यक्षात जाळी जितकी घट्ट विणलेली आणि आम्ल जितकं दाट, तितकं जास्त औषध लागतं. हनुवटीसाठी बनवलेलं फिलर ओठांच्या फिलरपेक्षा चिवट असतं. म्हणूनच आकडा आधी ठरवून चालत नाही, टोचून, बघून, मग ठरतो. आणि म्हणूनच ऑनलाइन मिळणारी पावडर मागवून घरी टोचण्याचा विचार मनातून काढा. तिथे चूक दुरुस्त करायला कुणी नसतं आणि घशाला सूज आली तर मुळीच नाही.

क्रीम, शेक, मसाज, चेहऱ्यावर फिरवायचे रोलर यांनी फिलर विरघळत नाही. मी दोन महिने ओठ चोळले. पट्टी तिथेच, ओठ मात्र सोलवटले.

प्रत्यक्ष दिवस

जाण्याआधी फोटो काढा, एकाच खिडकीशी, एकाच वेळेला, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. पण ओठांसाठी फोटो पुरत नाही, हा माझ्या धंद्याचा सल्ला. व्हिडिओ काढा. सावकाश आ, ई, ऊ, ओ म्हणा. मग प, फ, ब, भ, म, हे सगळे ओष्ठ्य वर्ण, दोन्ही ओठ टेकल्याशिवाय निघतच नाहीत. मग मेणबत्ती विझवल्यासारखी फुंकर मारा आणि येत असेल तर शीळ घाला. स्थिर चेहऱ्यावर जे लपतं ते इथे उघडं पडतं. माझ्या डॉक्टरांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि पेन्सिलने खूण नेमकी कुठे करायची ते त्यावरून ठरवलं.

चाचणीत हाताच्या आतल्या बाजूला त्वचेत अगदी थोडं औषध टोचतात आणि वीस-तीस मिनिटं बघतात. खाज सुटून गांधी उठली तर थांबायचं. काही उठलं नाही म्हणजे शंभर टक्के निर्धास्त असं नाही, पण मोठा धोका बऱ्यापैकी कळतो.

मग भूल देणारं मलम, आणि बारीक सुई. जळजळतं. खोटं कशाला सांगू, फिलर भरताना दुखलं त्याहून जास्त जळजळलं, कारण पुष्कळ फिलरमध्ये भुलीचं औषध मिसळलेलं असतं, यात ते वेगळं मिसळावं लागतं. प्रत्येक टोचणीला दहा-पंधरा सेकंद आग, मग शांत. डॉक्टर तिथेच बोटाने चोळतात, आणि काही वेळा तिथल्या तिथे गाठ मऊ होताना तुमच्या जिभेला आतून कळतं. मला कळलं. विचित्र वाटतं.

माझ्या बाबतीत पहिल्या दिवशी फक्त ओठाच्या वरची पट्टी घेतली. ओठातल्याला हात लावला नाही. टोचून झाल्यावर अर्धा-पाऊण तास तिथेच बसवून ठेवलं. निघायची घाई तुम्हीही करू नका, तीव्र ॲलर्जी यायची तर बहुधा याच वेळात येते.

पुढचे दोन दिवस आणि दोन आठवडे

त्या संध्याकाळी ओठ इतका सुजला होता की फिलर वाढवून आल्यासारखं दिसत होतं. हे अपेक्षित असतं. सूज, लाली, थोडी खाज, एखादा काळानिळा डाग. तीन दिवसांत ओसरायला लागतं. कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावा. पहिला दिवस घामाचा व्यायाम, दारू, वाफ, कडक ऊन नको. सांगितलं नसेल तर चोळू नका. डोकं उंच ठेवून झोपलेलं बरं. अंगभर पित्त उठलं, ओठ-जीभ-घसा सुजला, श्वास लागला तर तो नेहमीचा परिणाम नाही, लगेच रुग्णालय गाठा.

औषधाचं मुख्य काम पहिल्या एक-दोन दिवसांतच उरकतं. पण चेहऱ्याचा निवाडा तेव्हा करायचा नाही. तिसऱ्या दिवशी सूज गेली की एकदम रिकामं, सैल, सुरकुतलेलं दिसतं आणि पोटात गोळा येतो. डोळ्यांखालच्या वेळी मी त्या दिवशी रडले होते. एका बैठकीत सगळं काढल्यामुळे डोळे खोल गेल्यासारखे दिसत होते, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं की ताणली गेलेली त्वचा आवळायला आठवडे लागतात. शिवाय आपल्याच डोळ्यांना भरलेल्या चेहऱ्याची सवय झालेली असते. भरण्याआधीचा जुना फोटो शेजारी ठेवून बघा. कित्येकदा आज दिसतंय ते तेव्हाचंच असतं, फक्त वय थोडं पुढे गेलेलं.

"हे औषध आपलं स्वतःचं आम्लही खाऊन टाकतं" ही भीती पुष्कळ वाचायला मिळते. अर्धी खरी आहे. टोचलेल्या जागी आपलंही आम्ल मोडतं, विकराला आपलं-परकं कळत नाही. पण सत्तर किलो वजनाच्या माणसात हे आम्ल साधारण पंधरा ग्रॅम असतं आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा शरीर रोज मोडून नव्याने बनवतं. मोडलेलं भरून येतं. विरघळवल्यावर दीर्घ त्रास झाल्याचं ज्या सांगतात त्यांना मी खोटं ठरवणार नाही. मला एवढंच म्हणायचंय की थोड्या मात्रेत, टप्प्याटप्प्याने केलं तर पश्चात्तापाची जागा कमी उरते.

दोन आठवड्यांनी तपासणीला जा, तोच व्हिडिओ पुन्हा काढून. माझा 'ऊ' बराच सुटला होता, पण डाव्या कोपऱ्यात एक बारीक गोटी राहिली होती. सोनोग्राफीत दिसली, तिथे दुसरी, आणखी लहान मात्रा दिली. एवढ्यावर काम झालं. ओठातलं जे होतं ते तसंच ठेवलं; सगळं काढायचं म्हणून आले होते खरी, पण पट्टी गेल्यावर उरलेलं मला खटकेना.

पुन्हा भरायचं असेल तर किमान दोन आठवडे जाऊ द्यायचे, नाहीतर शिल्लक विकर नवंही कापतं, अशी नेहमीची सूचना. मी म्हणेन दोन महिने द्या. त्वचा बसू दे, आणि मन पण. डोळ्यांखाली मी पुन्हा काही भरलं नाही. खळगे आहेत. मुलांना त्याचं काही पडलेलं नाही, त्यांना तोंड बघायचं असतं.

निघताना हातात कागद घ्या: कोणतं औषध, कोणता बॅच, किती युनिट, कुठे कुठे, चाचणीत काय दिसलं. माझ्या फाइलमध्ये आता दोन स्टिकर, एक रिकामी जागा, दोन सोनोग्राफीचे फोटो आणि असे दोन कागद आहेत. मोबाइलमध्ये एक व्हिडिओ आहे, त्यात मी आरशासमोर 'पोपट, फुगा, बाबा, भोपळा, मामा' म्हणतेय आणि मागून कुणीतरी हसतंय.